आधी गट नंबर सांगा

३ ऑगस्ट २०२१
पुणे महानगर प्रदेशाचा आराखडा प्रसिद्ध झाला. प्रारूप. ९ तालुक्यांतली आठशेच्या वर गावं, क्षेत्र सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. प्रदेशाचं प्राधिकरण, पीएमआरडीए, २०१५ च्या मार्चअखेर स्थापन झालं, नकाशा आता आला.
पुतण्याच्या फोनवर बघितला. दोन बोटांनी मोठा केला की आपलं गाव पडद्याबाहेर जातं.
लावणी उरकली. पाऊस चालू.

५ ऑगस्ट
पुतण्यानं पिरंगुटहून रंगीत प्रिंट आणली. ओसरीवर पसरली. कोपऱ्यांवर अडकित्ता, चष्म्याचं घर, तांब्या, पंचांग.
पिवळा रहिवासी. जांभळा उद्योग. लाल सार्वजनिक. फिका हिरवा शेती. मी १९७४ साली आरेखक म्हणून लागलो तेव्हाही हेच रंग. तेव्हा ट्रेसिंग क्लॉथवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. जागा खडबडीत व्हायची. साहेब नख फिरवून ओळखायचे.
गावठाणाच्या वरच्या अंगाला पिवळा आलाय. ओढा दाखवलाय. डोंगरापासून नदीपर्यंत, कुठे न तोडता. १९९७ च्या प्रादेशिक योजनेत एवढा ओढा त्या प्रमाणात मावतच नव्हता. बरं वाटलं.
पुतण्या त्या निळ्या रेघेकडे बघत होता. बोलला काही नाही.

९ ऑगस्ट
सकाळपासून ओसरी भरलेली. प्रत्येकाच्या हातात सातबारा. "आण्णा, आमचं काय आलं बघा की." मी म्हणतो, आधी गट नंबर सांगा. नंबर सांगतात, श्वास धरतात. पिवळा निघाला तर चहा न घेता जातात. हिरवा निघाला तर बसून राहतात.
रस्ता सगळ्यांना पाहिजे. रुंद पाहिजे. बांधापर्यंत यावा, आत शिरू नये.

१० ऑगस्ट
शाळेचं आरक्षण कुणाच्या गटावर पडलंय हे गावाला पाठ झालं. तो गडी रात्री जेवला नाही, असं त्याची आई सांगत आली.

१४ ऑगस्ट
पुतण्या चिडलेला. नोंदणी विभागाचं १२ जुलैचं परिपत्रक. लेआउट मंजूर असल्याशिवाय गुंठ्यागुंठ्यानं दस्त होणार नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, आठवण आत्ता झाली म्हणतो. त्याचा विसार घेऊन झालाय. किती जणांकडून, ते सांगत नाही.
जमीन सामाईक. सातबाऱ्यावर नावं तीन: मी, वहिनी, पुतण्या. विसाराचं मला आज कळलं.

१७ ऑगस्ट
दोन रिंग रोड. एक राज्य रस्ते महामंडळाचा (एमएसआरडीसी), ११० मीटर. दुसरा प्राधिकरणाचा, पूर्वी ११० होता, आता ६५ वर आणला. गावात चर्चा अशी की दोन्ही एकच आहेत आणि सरकार दोनदा जमीन घेणार. समजावून सांगितलं. दुपारी पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या माणसाकडून.

२१ ऑगस्ट
आराखड्याचा अहवाल वाचतोय. पाण्यापाशी थांबलो.
खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी. पुण्याचा करार साडेअकराचा, उचल त्याच्या बरीच पुढे. त्याच साठ्यावर कालव्याखालची हवेली, दौंड, इंदापूर. पूर्व पुण्याला भामा आसखेडचं पाणी यंदा जानेवारीत सुरू झालं, त्याची कामं तिकडच्या धरणग्रस्तांनी किती वर्षं अडवली.
नोकरीभर बघितलं. पिवळा आधी भरतात, पाणी मागून शोधतात. पाणी आधी मोजलं आणि तेवढाच पिवळा भरला, असा नकाशा माझ्या टेबलावर कधी आला नाही.

२२ ऑगस्ट
राखी. बहीण आली. तिलाही तिच्या सासरच्या गटाचं बघायचं होतं.

२४ ऑगस्ट
पुतण्याची मुलगी बारावीला. भूगोलाचा प्रकल्प हाच घेतलाय. विचारलं, शहराचा आराखडा असतोच, मग प्रदेशाचा वेगळा कशाला? सांगितलं तेवढं असं: शहर हद्दीत संपत नाही. दूध शिरूरहून, पाणी पानशेतहून, कामगार खेडहून, कचरा उरुळीला. १९६५ साली धनंजयराव गाडगीळांची समिती नेमली, मुंबई-पनवेल आणि पुणे, दोन्ही प्रदेशांसाठी. नियोजन प्रदेशाचं करा, असं तिनं सांगितलं. त्यातून १९६६ चा अधिनियम. त्याच अधिनियमावर माझी नोकरी आणि पेन्शन.
तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "पंचावन्न वर्षं झाली की." हो म्हणालो.

२८ ऑगस्ट
पुतण्या रात्री आला. वहिनी दारात उभी.
हरकत लिहून द्या म्हणतो. "सदर ठिकाणी ओढा अस्तित्वात नाही, सबब तो वगळावा." मजकूर तोच घेऊन आला होता. पुण्यातल्या कुणीतरी टाइप करून दिलेला. आमच्या गटाची हद्द दीडशे मीटर ओढ्याला लागून. काठापासून नऊ मीटर सोडायचे. १३ गुंठे जातात. १३ गुंठ्यांचे किती होतात, हे त्यानं आकडेमोड न करता सांगितलं.
"तुमची सही लागंल."
उद्या बोलू म्हणालो.

२९ ऑगस्ट
बोललो नाही.

३० ऑगस्ट
तो टाइप केलेला मजकूर आणखी दोघांच्या हातात पाहिला. फक्त गट नंबर वेगळे.

३१ ऑगस्ट
नातीला घेऊन ओढा चाललो. वरून खाली. उगमाशी डोंगरउतारावर करवंदाच्या जाळ्या, तिथे नुसती ओल. मग दगडी पायऱ्यासारखं पात्र. खाचरांच्या वर रुंदी ६ मीटर. वडाखाली ८. आमच्या गटाशेजारी साडेसहा. खाली नव्या सोसायटीच्या भिंतीपाशी अडीच. भिंतीच्या पलीकडे पुन्हा ५. ती टेप धरते, मी लिहितो. पाणी गुडघ्याला. खेकड्यांची बिळं मोजत होती, प्रकल्पात घालीन म्हणते.
भिंतीपाशी उभी राहून विचारलं, इथं कुठं गेला? मी भिंतीकडे हात केला.

३ सप्टेंबर
हरकतींची मुदत वाढणार म्हणतात. पुतण्याला तेवढाच वेळ मिळाला. मलाही.

६ सप्टेंबर
माजी उपसरपंच टीपी स्कीमचं विचारायला आले. आराखड्यात बऱ्याच आहेत. म्हाळुंगे-माणला एक चालू आहे, अडीचशे हेक्टरच्या आसपास. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळा काढून घ्यायच्या, उरलेली नीट आकारात परत. ज्याच्यावर रस्ता पडला आणि ज्याच्यावर पडला नाही, दोघांची तूट सारखी. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं ते अशाच योजनेतून. कायदा १९१५ चा, इंग्रजांचा.
म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याचा आन् माझा भाव एकच?" जवळपास, म्हणालो. "मग नको."
मगरपट्ट्याचं उदाहरण दिलं. शंभरावर शेतकरी कुटुंबं, ४०० एकरांच्या आसपास, स्वतःच कंपनी काढली. "ते सगळे मगर होते आण्णा. आमच्यात चार आडनावं आन् सोळा केसेस."

१० सप्टेंबर
गणपती बसले. पुतण्यानं मखरामागे आराखड्याची प्रिंट लावली. चतकोर नकाशा झाकलाय, नेमका आमच्या गावाचा.

१३ सप्टेंबर
गौरी जेवल्या. वहिनीनं वाढताना विचारलं, सही का करत नाही. ओढा आहे ना, म्हणालो. "आहे की. पण कागदावर असायची काय गरज आहे?"
पुरणपोळ्या दोन खाल्ल्या.

१६ सप्टेंबर
सही करणार नाही, असं पुतण्याला आज स्पष्ट सांगितलं. तो शांत होता. शांत असला की त्याचा बाप आठवतो. एकट्याच्या आणि आईच्या सहीनं हरकत टाकतो म्हणाला. टाक म्हणालो, तुझा अधिकार आहे. कुणीही टाकू शकतं.
रात्री बसून मी माझी लिहिली. एका पानात. ओढा दाखवला आहे तो बरोबर आहे, कायम ठेवावा, सोसायटीच्या भिंतीपाशी प्रत्यक्ष रुंदी कमी झाली आहे तिथं मोजणी करून मूळ पात्र दाखवावं. नातीनं घेतलेल्या रुंद्यांचा तक्ता जोडला. अर्जदाराचं नाव, गट नंबर. आमचाच.

२५ सप्टेंबर
आंबिल ओढ्याच्या पुराला आज दोन वर्षं. २०१९ ची ती रात्र. वीसहून जास्त माणसं गेली. कात्रजच्या वर दोन-तीन तास पाऊस, आणि पाणी आलं ते सोसायट्यांच्या पार्किंगमधून. नातीला बातम्या काढून दाखवल्या. पुतण्यानं मागून पाहिल्या. बाहेर गेला.

६ ऑक्टोबर
सर्वपित्री. पान ठेवलं. कावळा लगेच आला. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुमच्यावर राग नाही कुणाचा वर.

१५ ऑक्टोबर
दसरा. इंद्रायणी भात पिवळा पडायला लागलाय. पुतण्यानं जेसीबीला हार घातला. जेसीबी भाड्याचा.

१८ ऑक्टोबर
ओढ्यात दोन सिमेंटचे पाइप टाकले. एक मीटर व्यासाचे. वर मुरूम, वर खडी. प्लॉटला जायला रस्ता. दिवसात झालं.
आराखडा व्हायला सहा वर्षं.

१९ ऑक्टोबर
झोप नाही. उठून हिशेब केला. ओढ्याचं पाणलोट नकाशावरून दोनशे हेक्टर धरलं. तासाला ६० मिलिमीटर पाऊस. डोंगर, शेती, थोडी घरं, गुणांक ०.४. येतं सेकंदाला तेरा घनमीटरांच्या वर. एक पाइप फार तर सव्वादोन वाहून नेईल, तेही साफ असला तर. दोन म्हणजे साडेचार.
वर पिवळा भरला, छपरं आणि काँक्रीट झालं की गुणांक ०.७ च्या पुढे. मग तेराचे तेवीस.
कागद पुतण्याच्या गाडीच्या काचेवर, वायपरखाली ठेवला.

२० ऑक्टोबर
कागद परत आला. पाठीमागे त्याच्या अक्षरात: यंदाचा पावसाळा संपला.

५ नोव्हेंबर
पाडवा. पुतण्या पाया पडला. विषय कुणी काढला नाही. लाडू चांगले झालेत.

१२ नोव्हेंबर
पेपरात आकडा. हरकती आणि सूचना ६७ हजारांच्या घरात. प्रत्येकाला सुनावणी. नातीनं फोनवर गणित केलं: रोज तीनशे घेतल्या तरी दोनशेच्या वर दिवस. रविवार धरून.
पुणे शहराच्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ चा. मंजुरी २०१७ च्या जानेवारीत. वीस वर्षांतली दहा फायलीत गेली. त्या दहा वर्षांत कुणी घर बांधायचं थांबलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर
शहरालगतची २३ गावं जूनअखेर पुणे महापालिकेत गेली. आराखडा मात्र प्राधिकरणाकडेच, म्हणून भांडण कोर्टात. तिकडचा एक जुना सहकारी फोनवर: "आमच्याकडं कर एकाचा, नकाशा दुसऱ्याचा. तुमचं बरंय, तुमच्याकडं दोन्ही नाही."

२ डिसेंबर
काल दिवसभर पाऊस. डिसेंबरात. रात्री थांबेना. झोडणी झालेली, पेंढा बाहेर. पेंढ्याचे भारे वाहून पाइपांच्या तोंडाशी बसले. मोठा पाऊस नव्हता, नुसता लांबला. पाणी रस्त्यावरून चढलं आणि शेजाऱ्याच्या खळ्यात शिरलं. भाताची बारा पोती भिजली. त्याची बायको पाण्यात उभी राहून शिव्या देत होती, आमच्या घराकडे तोंड करून. तिचं बरोबर होतं.
पुतण्या पहारीनं पेंढा उपसत होता. अंधार, टॉर्च दातांत. मी छत्री धरली.

३ डिसेंबर
बारा पोत्यांचे पैसे पुतण्यानं दिले. घासाघीस न करता.
शेजाऱ्याचं एक आठवलं मला. तो टाइप केलेला मजकूर ऑगस्टमध्ये त्याच्याही हातात होता.

५ डिसेंबर
शेजारी सकाळी आला. हरकत मागे घेता येते का विचारत. येते म्हणालो, अर्ज करावा लागतो. लिहून दिला. जाताना म्हणाला, "पण आण्णा, पिवळा राहील ना तेवढा?"

१९ डिसेंबर
मुरमाचा रस्ता खचलाय एका बाजूनं. तसाच आहे.

११ जानेवारी २०२२
करोनाची तिसरी लाट. नातीचं कॉलेज बंद. प्रकल्प पूर्ण. मुखपृष्ठावर ओढ्याचा तिनं हातानं काढलेला नकाशा. प्रमाण लिहायचं राहिलं होतं, लिहायला लावलं. भिंतीपाशी तिनं रेघ तुटक काढलीय. चांगली सवय.

२० फेब्रुवारी
सुनावण्या मार्चपासून. विसार दिलेला एक माणूस घरी येऊन गेला. हडपसरचा, रिक्षा चालवतो. दोन गुंठे घेतलेत, नोंदणी होत नाही, पैसे अडकले. शहरात भाडं परवडत नाही म्हणून इतक्या लांब. चहा घेतला. नकाशावर त्याचा प्लॉट दाखवा म्हणाला. बोट ठेवलं. ओढ्याच्या कडेला, त्या नऊ मीटरमध्ये.
त्याला ते सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. "मग आम्ही राहायचं कुठं, तेवढं आहे का यात?"
स्वस्त घरांचं प्रकरण आहे अहवालात. पान काढून दाखवलं. वाचलं त्यानं सगळं, सावकाश. जागा कुठली ते त्यात नाही.

मार्च, सुनावणीचा दिवस
खुर्च्या भरलेल्या. पुकारा गटानुसार. माझ्या आधी अकरा जण, सगळे "वगळा".
समितीतल्या एकांनी माझा कागद दोनदा वाचला.
"तुमची जमीन बाधित होते?"
"होते. १३ गुंठे."
"मग तुमची मागणी काय?"
"आहे तसं ठेवा."
"म्हणजे हरकत नाही."
"सूचना आहे."
टेबलावरच्या बाईंनी संगणकात रकाना शोधला. रस्ता वगळणे, आरक्षण वगळणे, झोन बदल. मग "इतर". रुंद्यांचा तक्ता बघून त्या म्हणाल्या, हा कुणी केला? बारावीतल्या मुलीनं, म्हणालो. त्यांनी वेगळा स्टेपल केला.
माझ्यानंतर पुतण्याचा पुकारा. गट नंबर तोच. समितीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. त्याच्या हातात अर्ज होता. ओढा अस्तित्वात नाही, हे वाक्य त्यानं वाचलं नाही. म्हणाला, "नऊ मीटर कुठून मोजायचे ते ठरवून द्या. काठ कुठला धरायचा. मोजणी करून खुणा रोवा. मग मी प्लॉट मागे घेतो."
मी त्याला हे सांगितलेलं नव्हतं.

१८ मार्च
धुळवड. सुनावणीहून परतताना गाडीत पुतण्या बोलला नव्हता, आज बोलला. रिक्षावाल्याला वरच्या अंगाला प्लॉट देतोय बदलून. बाकीचे ऐकतील का माहीत नाही. दोघांनी पैसे परत मागितलेत. पैसे खर्च झालेत. एक एकर विकावं लागेल, तुमची सही लागेल.
वाचून सही करीन म्हणालो.

२ एप्रिल
गुढी उभारली. आराखड्याचं पुढे काय, कुणाला सांगता येत नाही. शासनाकडे जाईल, बदल होतील, पुन्हा कोर्ट. पेपरात रोज वेगळं.
पावसाळ्याला सव्वादोन महिने.

१० एप्रिल
सकाळी ओढ्यावर. पुतण्या, मी, नात, गवंडी. पाइप काढायचे, स्लॅबची मोरी बांधायची, हे ठरलं. गाळा किती, यावर अडलं. मी पात्राएवढा म्हणतो, साडेसहा मीटर. तो म्हणतो चार, लोखंड परवडत नाही. नातीनं तेवीस घनमीटरचा कागद काढला. त्याला तो कागद ओळखीचा वाटला, पाठीमागे त्याचंच अक्षर होतं.
पाचवर आला. मी साडेसहावरच. गवंडी म्हणाला, तुमचं ठरलं की फोन करा, मला भूगावला जायचंय.
उद्या पुन्हा बसू. शेजाऱ्यालाही बोलवायचं, खर्चात त्याचा वाटा मागायचा.